कपातला केक आणि वाटीतले मीठ

गेल्या पुरीमला, म्हणजे आपल्या जुन्या माणसांच्या भाषेत होळीच्या सणाला, आमच्या रामल्याच्या घरी एक लहानसा वाद झाला. त्या वादातूनच हा लेख निघाला आहे.

आम्ही सकाळपासून पुरणाच्या खटपटीत होतो. दुपारी आमची सतरा वर्षांची नात आली. हातात बारा खळ्यांचा पत्र्याचा साचा होता. म्हणाली, ‘‘आजी, आज मी कपकेक करणार. गोड आणि खारे एकत्र. गूळ, मीठ, मिरी, हिरवी मिरची, सगळे एकातच.’’

आम्ही म्हटले, ‘‘बाय, केक म्हटला की तो गोड. मीठ-मिरची घातलीस की तो केक कसला? तो वडा. हे अमेरिकन लोकांचे नवे खूळ आमच्या घरात नको.’’

ती आमच्या पातेल्यात डोकावली आणि म्हणाली, ‘‘मग तू काय करते आहेस? पोळी गोड, त्याच डाळीच्या कटाची आमटी तिखट, आणि आपण पोळी आमटीत बुडवून खातो. ते चालते?’’

ह्यावर आम्हांस उत्तर सुचले नाही. सण होऊन गेला, पण प्रश्न डोक्यातून जाईना. केक गोडच असावा हा नियम कोणाचा? आपल्या वाडवडिलांचा? म्हणून जुनी पुस्तके चाळली, चार जाणत्यांना विचारले, आणि जे हाती आले ते आमच्या समजुतीच्या अगदी उलट निघाले.

प्रथम कपकेकचे मूळ पाहू. हा पदार्थ अमेरिकेचा, आणि तो छापील रूपात प्रथम दिसतो तो १७९६ साली. त्या वर्षी कनेक्टिकट प्रांतातील हार्टफर्ड गावी ‘अमेरिकन कुकरी’ नावाचे पाकपुस्तक निघाले. ते लिहिणारी बाई अमेलिया सिमन्स. पुस्तकाच्या पहिल्या पानावर तिने आपली ओळख ‘एक अमेरिकन अनाथ’ एवढीच दिली आहे. अमेरिकन माणसाने लिहिलेले, अमेरिकेत छापलेले हे पहिले पाकपुस्तक मानतात. १७९६ हे साल आपल्या वाचकांना पाठ असेलच. समाजी हसाजी दिवेकरांनी मुंबईत आपल्या समाजाचे पहिले सिनेगॉग, शाआर हाराहामीम, बांधले ते ह्याच वर्षी. ह्या दोन गोष्टींचा एकमेकींशी काडीचा संबंध नाही. परंतु साल लक्षात राहावे म्हणून सांगितले.

सिमन्सबाईने लहान कपांत भाजावयाचा एक हलका केक दिला आहे. त्यात दोन पौंड पिठाला साखर किती? अवघी अर्धा पौंड. लोणीही तेवढेच. त्यात एक पेला वाइन, एक पेला गुलाबपाणी, फुगण्यासाठी बिअरचा गाळ, आणि वर जायफळ, दालचिनी व बेदाणे. आजच्या मुलांना हा केक दिला तर ती ह्याला पावच म्हणतील.

पुढे १८२८ साली फिलाडेल्फियाच्या एलायझा लेस्ली ह्या बाईंनी आपल्या पुस्तकात ‘कप केक’ हे नाव छापले. त्यांच्या कृतीत चहाच्या मोठ्या कपाने दोन कप उसाची काकवी, दोन कप तांबडी साखर, दोन कप लोणी, एक कप दूध, पाच कप पीठ आणि पाच अंडी आहेत. इथवर ठीक. पुढे मसाला येतो तोही चिमटीने नव्हे, कपाने. अर्धा कप सुंठपूड, आणि अर्धा कप लवंग व ऑलस्पाइस नावाच्या वेस्ट इंडीजच्या मसाल्याची पूड! अर्धा कप सुंठ आमच्या आईने बाळंतिणीच्या लाडवातही कधी घातली नसेल. म्हणजे कपकेक जन्माला आला तोच जिभेला चटका देणारा.

नावातल्या ‘कप’ला दोन अर्थ आहेत. एक, तो कपात भाजत. दुसरा, त्याचे जिन्नस तराजूने न तोलता कपाने मोजत. इंग्लंडमधील पाउंड केकला सारे जिन्नस पौंड पौंड तोलून घ्यावयाचे. अमेरिकेतल्या शेतकरी बायकांकडे तराजू कुठला? कप मात्र प्रत्येकीकडे होता. एक कप लोणी, दोन साखर, तीन पीठ, चार अंडी, असा हिशेब तोंडपाठ करून त्या केक करीत. हे वाचताना आम्हांस आपल्या घरची वाटी आठवली. आपल्याकडे तरी कोण तोलत होते? एक वाटी रवा, एक वाटी गूळ, ओला नारळ अंदाजाने.

ह्या अंदाजाला शिस्त लावली बोस्टनच्या फॅनी फार्मर ह्या शिक्षिकेने. १८९६ साली काढलेल्या आपल्या पुस्तकात तिने कप आणि चमचा सुरीने सपाट करून मोजावा असे बजावले. तेव्हापासून अमेरिकेत कप हे एक ठरीव माप झाले. आपली वाटी मात्र ठरीव झाली नाही, आणि त्याचे फळ आम्ही कसे भोगले ते पुढे येईल.

फुगण्याचीही एक हकीकत आहे. सिमन्सबाईच्या काळी बिअरचा गाळ किंवा लाकडाच्या राखेपासून काढलेला खार वापरीत. १८४३ साली बर्मिंगहॅमच्या आल्फ्रेड बर्ड ह्या औषधविक्याने बेकिंग पावडर तयार केली. त्याच्या बायकोला यीस्ट आणि अंडी दोन्ही सोसत नसत, म्हणून बिचाऱ्याने हा खटाटोप केला. सोड्याचा खार आणि एखादे कोरडे आम्ल ह्यांची ती भुकटी. ओलावा मिळाला की वायू सुटतो आणि पीठ फुगते. बायकोच्या पथ्यासाठी निघालेली ही पावडर जगभर पोहोचली. नवऱ्यांनी बोध घ्यावा!

आता मुख्य प्रश्न. केक गोडच, असे कोणी ठरविले?

युरोपात फार पूर्वी साखर ही मसाल्यात जमा होती. ती औषधविक्याकडे मिळे आणि मिरी-दालचिनीप्रमाणे मांसात, माशात, पक्ष्यांच्या रश्श्यातही पडे. इंग्रजांचा नाताळातला मिन्स पाय आज निव्वळ बेदाण्यांचा असतो, पण एकोणिसाव्या शतकापर्यंत त्यात खरोखरच खिमा असे. गोड आणि खारट ह्यांमधली भिंत बांधली ती फ्रेंचांनी, सतराव्या शतकात. ला वारेन ह्या आचाऱ्याचे पुस्तक १६५१ साली निघाले, आणि त्या सुमारापासून फ्रान्समध्ये साखर हळूहळू मुख्य जेवणातून बाहेर पडून शेवटच्या पदार्थांकडे गेली. इंग्रजांनी फ्रेंचांचे पाहून तेच कमीअधिक केले. मुंबईला विलायती केक आला तो ही भिंत उभी राहिल्यानंतरचा. आम्हांस केक माहीत झाला तो साहेबाच्या टेबलावरचा आणि इराण्याच्या कपाटातला. म्हणून आम्ही समजलो की केक म्हणजे गोड. नातीपुढे जो नियम आम्ही आपल्या घराण्याचा म्हणून मांडला, तो घराण्याचा नव्हताच. तो तीनशे-साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या फ्रेंच आचाऱ्यांचा होता!

आपल्या घरी काय होते ते आठवून पाहा. गोडात चिमूटभर मीठ घातल्यावाचून आई चूल सोडीत नसे. आमटीत गुळाचा खडा पडलाच पाहिजे. शंकरपाळी एकाच दिवशी गोडीही होत आणि खारीही, आणि मुले एका मुठीत दोन्ही घेत. कोकणात धोंडस करतात. मोठी पिकलेली काकडी किसून त्यात रवा, गूळ, नारळ आणि मीठ घालावयाचे, पातेल्यावर झाकण ठेवून खाली निखारे आणि झाकणावरही निखारे. केक ह्यापेक्षा निराळा तो काय असतो? फक्त नाव विलायती नाही.

मुंबईत चाळीतल्या खोलीत भट्टी कोणाकडेच नव्हती. नानकटाई करावयाची तर घरून मैदा, साखर आणि तूप बेकरीत न्यावे लागे, आणि आपले पत्रे दुसऱ्याच्या पत्र्यांत मिसळू नयेत म्हणून तिथे उभे राहावे लागे. ही नानकटाई सुरतेहून आली. डच लोकांची तिथली बेकरी त्यांच्या हाताखालच्या पारशाकडे आली, आणि त्याने खपासाठी सुकी बिस्किटे काढली, अशी परंपरागत हकीकत सांगतात. त्याच सुरतेचे जिऱ्याचे खारे बटासेही प्रसिद्ध आहेत. इराण्याच्या दुकानातला मावा केक, कागदाच्या वाटीत भाजलेला, हा तर मुंबईचा कपकेकच म्हटला पाहिजे. ग्रँट रोड स्टेशनाजवळचे मेरवानचे दुकान १९१४ साली सुरू झाले, आणि त्याच्या मावा केकसाठी भल्या पहाटे गिऱ्हाइके जमत असत. आम्हांला आठवते, वडील तिथून केक आणीत, परंतु मटणाचे जेवण झालेले असले तर तो पेटीत बंद. मावा दुधाचा. मुलांनी कितीही तोंड वाकडे केले तरी त्याला हात लावावयाचा नाही.

आपल्या गोड पदार्थांत दुधाऐवजी नारळाचे दूध येते ते ह्याच कारणाने. रोश हशानाचा चिकाचा हलवा घ्या. गव्हाचा चीक, साखर आणि नारळाचे दूध. मांसाच्या जेवणानंतर खुशाल खावा. नारळाच्या दुधाला मीठही सोसते आणि गूळही. गाईच्या दुधात मीठ-मिरची घातली तर नासकी चव लागते, नारळाच्या दुधात तीच शोभते. नातीच्या खाऱ्या-गोड कपकेकला जो आधार हवा होता, तो आपल्या फडताळात आधीपासून होता असे म्हणावे लागेल.

ह्या देशात आम्ही १९६९ साली आलो. आईही आमच्याबरोबर होती आणि तिच्या ट्रंकेत पितळेची वाटी होती. घरात ओव्हन नव्हते. शेजारणीने ‘सीर पेले’ दाखविले, म्हणजे चमत्काराचे भांडे. मधोमध भोक असलेले अॅल्युमिनियमचे कडे, खाली एक जाड तबकडी, वर भोकांचे झाकण. १९४९ पासून जी रेशनची वर्षे आली, ती सारी ह्या देशाच्या गृहिणींनी रॉकेलच्या शेगडीवर हेच भांडे ठेवून केक भाजीत काढली. मधल्या भोकातून ऊब वर जाते आणि झाकणाखाली पसरते, त्यामुळे केक खालून आणि वरून दोन्हीकडून भाजतो. आईने भांडे उलटसुलट करून पाहिले आणि म्हणाली, ‘‘ह्यात चमत्कार कसला? निखारे वर ठेवण्याची आळशी युक्ती!’’ पहिल्याच शुक्रवारी तिने त्यात धोंडस केले.

तीच शेजारीण मूळची यरुशलेमची. एका शब्बाथला तिने आम्हांस कुगेलचा तुकडा दिला. बारीक शेवया, तेलात करपवून तांबडी केलेली साखर, अंडी, मीठ, आणि वर सणसणीत काळी मिरी. रात्रभर मंद आचेवर ठेवलेला, आणि सोबत खारवलेली काकडी. व्हिल्नाच्या गाओनचे शिष्य एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी यरुशलेमला येऊन राहिले, त्यांच्या वस्तीतून हा कुगेल निघाला असे पुष्कळजण मानतात. पहिला घास घेतला तेव्हा आम्ही घाबरलो. दुसरा घेतला आणि थांबलो नाही. पन्नास वर्षे आम्ही तो आवडीने खात आलो. मग नातीला कोणत्या तोंडाने म्हटले की गोड आणि मिरी एकत्र चालत नाही?

मिठाविषयी थोडे सांगितल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. वायिक्राच्या दुसऱ्या अध्यायात वेदीवरच्या अन्नार्पणाला मीठ अवश्य सांगितले आहे, आणि मध जाळण्यास मनाई आहे. म्हणजे मिठाला मान मोठा. तरी घरच्या टेबलावर आपण शब्बाथची भाकर मिठाला लावतो, आणि रोश हशानाला पुष्कळ घरी मधात बुडवितो. काही घरी तर त्या रात्री मीठ आणि मध दोन्ही लावतात.

अलीकडे ज्याला जगभर डोक्यावर घेतले, त्या खाऱ्या कॅरामेलचीही गोष्ट मिठाचीच आहे. फ्रान्समध्ये राजाचा मिठावर जबर कर असे. ब्रिटनी प्रांताला तो माफ होता. त्यामुळे तिथल्या शेतकऱ्यांना लोणी भरपूर खारवून टिकविणे परवडे, आणि बाकी फ्रान्सला परवडत नसे. त्याच ब्रिटनीतल्या किबेरों गावी १९७७ साली हेन्री ल रू नावाच्या मिठाईवाल्याने त्या खाऱ्या लोण्याचे कॅरामेल केले आणि ते गाजले. आपल्या पेण-उरणकडच्या मिठागरांचे वाचकांना सांगावयास नको. तिथल्या पांढऱ्या राशी आम्ही लहानपणी बोटीतून पाहिल्या आहेत. सरकारने त्या मिठावर कर ठेवला, १९३० साली गांधीजी दांडीला चालत गेले, आणि तो कर अखेर १९४७ साली उठला. आईला मीठ सांडलेले खपत नसे. आम्ही त्याला तिची चिकटी समजत होतो. कराचे मीठ विकत घेऊन वाढलेली पिढी ती.

मीठ गोडाला उठाव कसा देते ह्याचा शोध १९९७ साली ब्रेस्लिन आणि बोशां ह्या दोन शास्त्रज्ञांनी प्रसिद्ध केला. मीठ जिभेवरचा कडवटपणा दाबते, आणि तो दबला की गोडी आपोआप वर येते. गुळात थोडा कडवटपणा असतोच. चिमूटभर मिठाने तो जातो. आईला हे शास्त्र ठाऊक नव्हते, पण चिमूट ठाऊक होती.

अमेरिकेत शतकअखेर कपकेकचे जे वेड सुरू झाले, त्याविषयी फार लिहीत नाही. न्यूयॉर्कला १९९६ साली मॅग्नोलिया बेकरी निघाली, २००० साली एका दूरदर्शन-मालिकेत तिचे कपकेक दिसले, आणि रांगा लागल्या. नावीन्यासाठी कोणी वर डुकराच्या मांसाचे तुकडे ठेवले. ते आपल्या कामाचे नाही. चीज घातलेले खारे कपकेक मात्र आपल्याला चालतात, दुधाच्या जेवणाबरोबर.

असो. पुरीमनंतर पंधरा दिवसांनी आम्ही नातीला फोन करून सांगितले, ये, करू या. आईची वही काढली. त्यातली रव्याची कृती घेतली. नात रवा मोजू लागली, आम्ही नारळाचे दूध ओतू लागलो. पाऊण तासाने ओव्हनमधून जे निघाले ते कपकेक नव्हते, ते वरवंट्याचे तुकडे होते. रवा सगळे दूध पिऊन बसला आणि वर आणखी मागत होता. नातीला वाटले आजीचा हात गेला. आम्हांस वाटले आईची वही चुकली. त्या रात्री आम्हांस झोप लागली नाही हे खरे सांगतो. वहीत चाळीस पदार्थ आहेत. एक चुकला तर बाकीच्यांचा भरवसा काय? आणि विचारावयास आई नाही.

सकाळी नातीनेच उलगडा केला. तिने रवा आपल्या अमेरिकन कपाने मोजला होता, म्हणजे २४० मिलीलिटर. आम्ही दूध ओतले आईच्या पितळी वाटीने. तिने वाटीत पाणी भरून मापाच्या पेल्यात ओतले. बरोबर १५०. शिवाय ह्या देशात पुष्कळ गृहिणी कागदी पेल्याने मोजतात, ते तिसरेच माप. वही चुकली नव्हती. वहीत ‘वाटी’ लिहिले होते, आणि कोणती वाटी ते लिहावयाची आईला गरज वाटली नव्हती, कारण घरात एकच होती.

दुसऱ्या खेपेस सगळे त्याच वाटीने मोजले. भगिनींसाठी कृती देतो. बारा लहान कपकेक होतात. एक वाटी किसलेला गूळ दीड वाटी कोमट नारळाच्या दुधात विरघळवून गाळून घ्यावा. दूध उकळू देऊ नये, फुटते. त्यात दीड वाटी बारीक रवा घालून वीस मिनिटे झाकून ठेवावे. दोन अंडी वेगळ्या भांड्यात एकेक फोडून, रक्ताचा ठिपका नाही हे पाहून, अर्धी वाटी तेलाबरोबर फेटावी व रव्यात मिसळावी. मग पाऊण वाटी मैदा, चहाचा पाऊण चमचा मीठ, अर्धा चमचा जाडसर मिरी, एक चमचा जिरे, एक बारीक चिरलेली हिरवी मिरची आणि मूठभर कोथिंबीर. अगदी शेवटी दोन चमचे बेकिंग पावडर आणि अर्ध्या लिंबाचा रस घालून लगेच साच्यात ओतावे. नंतर थांबू नये, वायू निघून जातो. वर पांढरे तीळ आणि जाड्या मिठाचे चार-चार खडे. हे खडे महत्त्वाचे. जिभेला आधी मीठ लागते, मग गूळ, आणि मिरची सर्वांत शेवटी. १८० अंशांवर वीस-बावीस मिनिटे. लहान साच्यात कड जास्त भाजते, आणि ह्याची मजा त्या कडेतच आहे. मोठ्या भांड्यात एकच केक करू नये, आम्ही करून पाहिला, मधला भाग चिकट राहतो.

ह्यात दूध-लोणी नसल्यामुळे मटणाच्या जेवणानंतरही चालतात. आमच्या घरी शुक्रवारी सांजेला केलेले शनिवारी दुपारपर्यंत उरले नाहीत.

नातीने आईच्या वहीच्या पहिल्या पानावर पेन्सिलीने इब्रीत लिहून ठेवले आहे : वाटी म्हणजे १५० मिलीलिटर. आम्ही त्याखाली मराठीत तेच लिहिले. ज्यांच्याकडे आजीची किंवा सासूची वही आणि तिची वाटी दोन्ही असतील, त्यांनी आजच वाटीत पाणी भरून मोजून घ्यावे. वाटी हरवली असेल तर धोंडस किंवा हलवा एकदा निरनिराळ्या मापांनी करून पाहावा. जुन्या पितळी वाट्या बहुधा १२५ ते २०० मिलीलिटरच्या असतात, तेव्हा तीन-चार खेपांत माप सापडते.